नाव काय, गाव काय?



गेल्या दिवाळीत या सदरात लोणारच्या विवराबद्दल लिहिलं, तेव्हा मंडळाच्या गणपतीत तीन-चार जणांनी विचारलं, "ते सगळं छान आहे, पण तू ऑफिसात नक्की करतेस काय?" प्रश्न रास्त आहे. माझी आई पुण्यात मैत्रिणींना सांगते, "ती अमेरिकेत दगड मोजते." हे फारसं चूक नाही. एका विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात मी नमुन्यांचं कोठार सांभाळते. दगड, माती, समुद्रतळाचा गाळ, काचपट्ट्यांवरचे पातळ काप, बाटल्यांमधली पूड. कोणता नमुना कुठून आला, कोणी आणला, त्याचे किती तुकडे झाले आणि आता तो कोणत्या फळीवर आहे, हे मला सांगता आलं पाहिजे.

यंदा हे काम घरापर्यंत आलं, म्हणून त्याच्याबद्दलच लिहिते.

एप्रिलमध्ये आपल्या मंडळातल्या एका काकूंचा फोन आला. घर विकून दोघं मुलीकडे डॅलसला निघाले होते. "अगं, बेसमेंटमध्ये ह्यांचे दगड आहेत. तीन खोकी आणि एक लाकडी पेटी. महिनाअखेरीला घर ताब्यात द्यायचंय. तू बघून घे, नाहीतर डंपस्टरमध्ये जातील."

काका दगडांचे आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. आपल्याला ते कॉम्प्युटरवाले काका म्हणून माहीत. खरं म्हणजे १९७९ साली ते भूशास्त्रात पीएचडी करायला इथे आले. निघण्यापूर्वीच्या हिवाळ्यात सह्याद्री पालथा घालून त्यांनी बेसाल्टचे, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचे नमुने जमवले होते. पेटी मागून आगबोटीने आली. पीएचडी झाली, १९८३ साली एक शोधनिबंध छापून आला. मग भूशास्त्रात नोकरी मिळेना, घरी बाळ आलं, आणि त्या काळातल्या अनेकांसारखे तेही प्रोग्रॅमिंगकडे वळले. पेटी मात्र चार घरं बदलताना बरोबर फिरत राहिली.

मी गेले तेव्हा काका पेटीशेजारी स्टूल टाकून बसले होते. एक दगड हातात घेऊन म्हणाले, "चेहरा ओळखीचा आहे गं, पण नाव आठवत नाही."

एकूण १६३ दगड होते. बहुतेक कापडी पिशव्यांमध्ये, प्रत्येकीवर शाईने लिहिलेलं एक अक्षर आणि एक आकडा. के-३, बी-११, एम-७. आणि एम-७ दोन होते.

काकांना मी त्याच क्रमांकाबद्दल विचारलं, कारण फेब्रुवारीत त्यांना एक ईमेल आली होती आणि तिचा छापील कागद काकूंनी फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला होता. भारतातल्या एका संशोधक मुलीने त्यांचा १९८३ चा निबंध वाचला होता. तिने लिहिलं होतं, "सर, तुमच्या तक्त्यातला एम-७ हा नमुना अजून कुठे शिल्लक आहे का? मला त्याचं वय मोजायचं आहे. तुम्ही वर्णन केलेल्या वळणावर मी जाऊन आले. दरड कोसळू नये म्हणून तिथल्या कड्यावर आता जाळी आणि काँक्रीट आहे. तो थर आता हाताला लागत नाही." काकांनी उत्तर दिलं नव्हतं. काय लिहायचं, तेच त्यांना कळत नव्हतं.

आता हा एक दगड इतका महत्त्वाचा का, ते सांगते.

सह्याद्री हा लाव्हाच्या थरांचा डोंगर आहे, हे आपण शाळेत शिकलो. भूशास्त्रज्ञांनी या थरांना गटागटाने नावं दिली आहेत आणि ती आपल्याच गावांची आहेत: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. जगभरच्या निबंधांत परदेशी माणसं 'आंबेनळी' हा शब्द अडखळत का होईना, पण म्हणतात. हे थर साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे डायनोसॉर नाहीसे झाले त्याच सुमाराचे. त्या नाशाला मेक्सिकोजवळ आदळलेली उल्का कारणीभूत, की सह्याद्रीतल्या लाव्हाबरोबर बाहेर पडलेले वायूही, हा जुना वाद आहे. २०१५ साली आपल्या शेजारच्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने मोजून दाखवलं, की मुख्य उद्रेक त्या नाशाच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला आणि साडेसात लाख वर्षांच्या आसपास चालला. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध आले. प्रिन्स्टनच्या गटाला उल्केच्या काही दहा हजार वर्षं आधी मोठा उद्रेक झालेला दिसला. बर्कलेच्या गटाच्या हिशेबाने बहुतेक लाव्हा उल्केनंतर आला. दोन्हीकडची माणसं जाणकार, दोघांचीही यंत्रं उत्तम. अशा वादात प्रत्येक दगडाला विचारावं लागतं: तू नक्की कुठल्या थरातला? घाटात शंभर-दोनशे फूट वर किंवा खाली गेलं की थर बदलू शकतो आणि उत्तरही बदलतं.

म्हणून तो दगड नुसता 'सह्याद्रीतला' असून चालत नाही. रासायनिक पृथक्करणावरून त्याचा थर बऱ्यापैकी ओळखता येतो, पण एकेक थर कित्येक किलोमीटर पसरलेला असतो. नेमकी जागा दगड स्वतः सांगत नाही. ती कोणीतरी लिहून ठेवावी लागते.

काकांनी लिहिलं होतं 'एम'. पंचविशीत त्यांना वाटलं होतं की एम म्हणजे काय हे आपण कधी विसरणार? पहिल्या शनिवारी ते म्हणाले, एम म्हणजे महाबळेश्वर. दुसऱ्या शनिवारी म्हणाले, "माथेरानलाही गेलो होतो मी. आणि माळशेजला जायचं ठरलं होतं. गेलो की नाही, देव जाणे."

हसू नका. जगातल्या किती प्रयोगशाळांत 'एम-१' नावाचा नमुना असेल, याची कल्पना करा. जो तो आपल्या वहीपुरतं नाव ठेवतो. वही सोडून नमुना बाहेर पडला की त्याच नावाचे चारजण भेटतात. उलटही होतं. एकाच नमुन्याची चार नावं होतात. कापणारी प्रयोगशाळा आपला क्रमांक घालते, पृथक्करण करणारी आपला, संग्रहालय तिसरा. मग एकाच दगडावरचे तीन निबंध तीन वेगळ्या दगडांचे वाटतात.

हे ज्यांनी नीट केलं त्यांचीही उदाहरणं आहेत. ह्यूस्टनचे वाचक जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये जाऊन आले असतील. अपोलोच्या सहा मोहिमांनी चंद्रावरून ३८२ किलो दगडमाती आणली. सुमारे २,२०० नमुने. प्रत्येकाला पाच आकडी क्रमांक दिला. १५४१५ म्हणजे अपोलो १५ ने आणलेला, 'जेनेसिस रॉक' म्हणून गाजलेला दगड. त्याचा तुकडा काढला की स्वल्पविराम देऊन पुढचा आकडा. आज तुकड्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे आणि तरीही प्रत्येक तुकड्याचं मूळ सापडतं. १९७२ च्या डिसेंबरमध्ये अपोलो १७ ने आणलेली ७३००२ क्रमांकाची नळी मुद्दाम न उघडता ठेवली होती. ती २०१९ साली उघडली. आणणाऱ्यांची पिढी निवृत्त झालेली, उघडणारे तेव्हा जन्मलेही नव्हते. पण ती चंद्रावर कुठून काढली हे कोणालाही आठवावं लागलं नाही.

याच्या उलट गोष्ट ॲमस्टरडॅमची. तिथल्या राइक्सम्युझियममध्ये एक 'चंद्राचा दगड' होता. १९६९ साली अमेरिकन राजदूताने तो नेदरलँड्सचे माजी पंतप्रधान विलेम ड्रेस यांना भेट दिला होता. त्यांच्या निधनानंतर तो संग्रहालयात आला. बरोबर छापील कार्डही होतं. २००९ साली तपासणी झाली, तर तो चंद्रावरचा नव्हताच. ते होतं दगड बनलेलं लाकूड. कार्ड खरं, पण दगडाशी त्याला बांधणारं काहीच नव्हतं.

नासाकडे एकच शिस्त आहे. हजारो विद्यापीठांत विखुरलेल्या दगडांचं काय? याचं उत्तर शोधायला सुरुवात झाली ती आपल्या अगदी जवळ. न्यू जर्सीची हद्द ओलांडली की लगेच, हडसनच्या काठावर पॅलिसेड्सला कोलंबिया विद्यापीठाची लॅमाँट-डोहर्टी ही संस्था आहे. तिचे संस्थापक मॉरिस युइंग यांचा दंडक होता, की जहाज जगात कुठेही असो, रोज समुद्रतळातून गाळाची एक नळी निघालीच पाहिजे. त्यामुळे तिथे हजारो नळ्यांचं कोठार आहे. त्यातली एक 'आरसी ११-१२०': रॉबर्ट कॉनरॅड या जहाजाची अकरावी सफर, एकशे विसावी नळी, दक्षिण हिंदी महासागरातली. तिच्या आधारे १९७६ साली दाखवून दिलं गेलं, की पृथ्वीच्या कक्षेतल्या बारीक बदलांमुळे हिमयुगांचा ताल ठरतो. नाव किती विचारपूर्वक ठेवलेलं! पण कोणी मधे रेघ देतो, कोणी जागा सोडतो, कोणी शून्य घालतो. माणसाला ते एकच कळतं, संगणकाला नाही.

त्याच लॅमाँटमध्ये २००४ च्या सुमारास कर्स्टिन लेनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयजीएसएन नावाची पद्धत सुरू केली. तेव्हा त्यातल्या 'जी'चा अर्थ 'जिओ' होता. मग झाडंझुडपं, पाणी, जुन्या वस्तू यांचे अभ्यासकही आले, म्हणून आता तो 'जेनेरिक' झाला आहे. २०२१ साली या संस्थेने डेटासाइटशी हातमिळवणी केली. त्यामुळे शोधनिबंधाला मिळतो तसाच डीओआय क्रमांक आता दगडालाही मिळतो.

घरातल्यांना समजावताना मी म्हणते, दगडाचं आधार कार्ड. मुलगा विचारतो, मग एमएच-१२ सारखं का नाही? गाडी बघताच पुण्याची कळते! फरक तिथेच आहे. एमएच-१२ चा अर्थ लागतो, म्हणून आपल्याला तो आवडतो. पण गाडी नाशिकला गेली तरी ती पुण्याचीच दिसते. आधारच्या बारा आकड्यांना स्वतःचा अर्थ नाही, म्हणून घर बदललं, आडनाव बदललं तरी ते चुकीचे ठरत नाहीत. नमुन्याच्या क्रमांकाचंही तसंच. त्यात 'महाबळेश्वर' कोंबलं आणि उद्या तो माथेरानचा निघाला, तर क्रमांकच खोटं बोलायला लागेल. म्हणून क्रमांक मुका ठेवायचा आणि नाव-गाव नोंदीत लिहायचं. नोंद दुरुस्त करता येते. कोठार बदललं की नोंदीतला पत्ता बदलायचा, क्रमांक तोच. दगड संपला, म्हणजे दळून विरघळवून टाकला, तरी क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. नोंदीत लिहायचं, की हा आता शिल्लक नाही. 'कायमचा' याचा अर्थ एवढाच.

आणि सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे नातं. दगडाच्या तुकड्याला, तुकड्याच्या कापाला, कापाशेजारच्या पुडीला वेगळा क्रमांक मिळतो, पण प्रत्येकाच्या नोंदीत आई-बाप कोण ते लिहिलेलं असतं. कुणी पुडीचं पृथक्करण केलं, कुणी कापाचा फोटो छापला, की ते सगळं मूळ दगडाच्या खात्यात जमा होतं.

बेसमेंटमध्ये आम्हाला हेच नातं उलट्या दिशेने शोधावं लागलं.

तिसऱ्या शनिवारी काकूंना कपाटात काकांच्या फील्डच्या दोन वह्या सापडल्या. एक डिसेंबर १९७८ ची, माथेरानची. दुसरी फेब्रुवारी १९७९ ची, महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने उतरतानाची. दोन्हींत एम-७ होता. सर्वेक्षण विभागाच्या नकाशाचा क्रमांकही होता. पहिलीत ४७ एफ, दुसरीत ४७ जी. म्हणजे वह्यांमध्ये गोंधळ नव्हता. गोंधळ पिशव्यांत होता. दोन्ही दगड काळे, बारीक कणांचे, मुठीएवढे.

दुसऱ्या वहीच्या समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'एम-७ = ८०-११२'. काका बराच वेळ त्याकडे बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "काचपट्ट्या! इथे आल्यावर काप करून घेतले होते. त्या लॅबचे नंबर आहेत हे."

खोक्याच्या तळाशी काचपट्ट्यांची लाकडी डबी होती. ८०-११२ तिच्यात होती. काप करायचा तर दगड करवतीने कापावा लागतो. माथेरानचे नमुने काकांनी कापलेच नव्हते, पैसे पुरले नव्हते. आम्ही दोन्ही दगड दिव्याखाली धरले. एक चारी बाजूंनी ओबडधोबड. दुसऱ्याची एक बाजू सुरीने कापलेल्या वडीसारखी सपाट.

काकांनी त्या सपाट बाजूवर अंगठा फिरवला. "हा आंबेनळीचा," म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत. काकू चहा करायला वर गेल्या.

हे सांगायला गंमतशीर वाटतं, पण त्यातला नशिबाचा भाग किती, ते बघा. वही सापडली नसती, समासातली पेन्सिल पुसली गेली असती, काका सत्तरीऐवजी नव्वदीत असते, किंवा घराचा व्यवहार एक महिना आधी झाला असता, तर दोन दगड एकमेकांसारखे काळे राहिले असते आणि त्या मुलीला 'माफ करा' एवढंच कळवावं लागलं असतं. पुन्हा जाऊन आणायचा तर जागेवर काँक्रीट.

१६३ पैकी ११८ दगडांचं नाव-गाव पूर्ण लागलं. ३१ जणांचा डोंगर कळला, नेमकी जागा नाही. त्यांच्या नोंदीत तसंच स्पष्ट लिहिलं आहे. अंदाज असेल तर अंदाज म्हणायचं, ठाम दाखवायचं नाही. या सगळ्यांची मी रीतसर नोंदणी केली. संग्राहक म्हणून काकांचं नाव आहे, तारीख आहे, उंची आहे, वहीच्या पानाचा फोटो जोडला आहे. एम-७ चा दगड, त्याचा काप आणि १९८१ साली पृथक्करणात संपून गेलेली पूड, अशा तीन नोंदी एकमेकींना बांधल्या आहेत. रिकाम्या बाटलीलाही क्रमांक कशाला, असं आमच्या विभागात एकाने विचारलं. कारण १९८३ च्या तक्त्यातले आकडे त्या पुडीचे आहेत. ती नसली तरी ती कोणाची होती, हे कळायला हवं.

त्या मुलीला आम्ही एम-७ चा तुकडा पाठवला. त्यालाही स्वतःचा क्रमांक आहे. मोजणीचा निकाल अजून यायचा आहे. तो कोणत्या गटाच्या बाजूने लागेल याची काकांना काही पडलेली नाही. डॅलसहून दर रविवारी फोन करून ते एवढंच विचारतात, "आपला दगड पोचला ना नीट?"

उरले चौदा. त्यांच्या पिशव्याच फाटल्या होत्या. त्यांचा क्रमांक लावता येत नाही असं नाही. क्रमांक काय, कशालाही लावता येतो. पण मागे लिहायला काही नसेल तर तो नुसता आकडा. ते चौदा काकूंनी बरोबर नेले आणि तुळशीच्या कुंडीभोवती मांडले. ते सह्याद्रीतले आहेत, एवढं नक्की.

आपल्या मंडळात निवृत्त शास्त्रज्ञ, डॉक्टर, वनस्पतींचे अभ्यासक बरेच आहेत. घराघरांत अशी खोकी असणार. कुणाकडे शंख, कुणाकडे वाळलेली पानं, कुणाकडे आजोबांनी जमवलेली नाणी. दिवाळीच्या साफसफाईत ती खाली काढलीत तर लगेच वर ठेवू नका. प्रत्येक वस्तूसोबत पेन्सिलीने चार गोष्टी लिहा: कुठे मिळालं, कधी, कोणी उचललं आणि त्याचा भाग आणखी कोणाकडे आहे का. गावाचं नाव पूर्ण लिहा, आद्याक्षर नको. शाई उडते, पेन्सिल टिकते. चिठ्ठी खोक्यात नको, वस्तूलाच बांधा. क्रमांक नंतर माझ्यासारखं कोणीतरी लावेल, त्याला फार वेळ लागत नाही. पण गाव फक्त तुम्हालाच ठाऊक आहे, आणि ते तुम्हाला आज आठवतं आहे.

शुभ दीपावली!